गळक्या वर्गांची गोष्ट

भाईंदरच्या त्या जुन्या, नावाजलेल्या खासगी शाळेत अनसूया चौकशीच्या खिडकीवर बसायची. पालकांचे प्रश्न तिला पाठ झाले होते. बस नवघरपर्यंत येते का? मराठी कितवीपासून? बिल्डिंग एवढी जुनी, सेफ आहे ना? कोणी हिंदीत विचारायचं, कोणी गुजरातीत. अनसूया सगळ्यांना हसून सांगायची.

पण एका रविवारी तिची धाकटी जाऊ सुरुची बेव्हर्ली पार्कच्या नव्या वस्तीतून घरी आली आणि तेच विचारू लागली, तेव्हा ते हसू आटलं.

"ताई, आरोहीला तुमच्याच शाळेत टाकायचं म्हणतोय आम्ही. कशी आहे हो?"

अनसूयाच्या मुलाला, निकेतला, याच शाळेनं घेतलं नव्हतं. मुलाखतीत पोरगं तोंड मिटून बसलं आणि प्रवेश हुकला. घरात मात्र तिनं "लांब पडतं" एवढंच सांगितलं होतं. निकेत आता गल्लीतल्या शाळेत आठवीला होता. सुरुचीला मात्र सगळं आपसूक मिळत गेलं होतं, नवा फ्लॅट, गाडी, चुरुचुरु बोलणारी पोरगी. आता शाळाही हीच?

"नाव मोठं आहे गं," ती म्हणाली, "पण पावसाळ्यात वर्ग गळतात. पोरं ओल्या बाकांवर बसतात. बघ बाई, आपलं माणूस म्हणून सांगितलं."

वर्ग कधीच गळत नव्हते. सुरुची विचारात पडून गेली, आणि अनसूयाला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पुढच्या शनिवारी शाळेनं नव्या पालकांना बोलावलं. हॉलमध्ये सुरुची दिसली तशी अनसूया भिंतीला टेकली. सुरुची उभी राहून विचारत होती, "मॅडम, पावसात वर्ग गळतात, खरं का?"

मुख्याध्यापिका हंसा मॅडम ताठ झाल्या. "अजिबात नाही. कोणी सांगितलं तुम्हाला?"

सुरुचीची नजर फिरत अनसूयावर आली. जावेचा उतरलेला चेहरा पाहून तिला काय ते कळलं.

"बाजारात कोणीतरी बोललं," ती म्हणाली आणि खाली बसली.

सभा संपल्यावर तिनं अनसूयाला गेटपाशी गाठलं. "ताई, का हो असं?"

"निकेतला घेतलं नव्हतं इथे," अनसूया कशीबशी म्हणाली.

"मग मला सांगायचं ना!"

एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. चांगुलपणासुद्धा हिच्याच वाट्याला यावा, या विचारानं अनसूया आणखीच जळली.

जूनमध्ये आरोही शाळेत आली. पहिल्या दिवशी बाकीची पोरं रडत असताना ती "मोठी आई!" करत धावली आणि अनसूयाला बिलगली. अनसूयानं तिला वर्गात नेलं, डबा दप्तरात नीट ठेवला.

"गोड आहे हो. तुमची कोण?" वर्गाच्या बाईंनी विचारलं.

"आमचीच," अनसूया म्हणाली. पोरीवर तिचा जीव होता, त्यात खोटं नव्हतं. पण हाच युनिफॉर्म निकेतला कसा दिसला असता, हे काही केल्या तिच्या मनातून जाईना.