धाकटीची साक्ष

धाकटी जाऊ सलग तिसऱ्या रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला उभी राहिली, तेव्हा काजमावशींनी दाढेखालची लवंग कचकन चावली.

"प्रभू माझ्या उशाशी उभा होता," धाकटी सांगत होती. "डॉक्टर डोळ्याशी काय करत होते, मला पत्ताच नाही. भीती म्हणून कशी ती वाटली नाही."

बायकांनी माना डोलावल्या. दोघीतिघींनी वळून काजमावशींकडे पाहिलं. त्याच दवाखान्यातल्या त्याच टेबलावरून मावशी मोतीबिंदू न काढताच पळाल्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडावर हिरवं कापड आलं, डोळ्यापुरतं भोक, आणि त्यांचा श्वासच कोंडला. दवाखान्याच्या गाऊनमध्येच त्या बसथांब्यापर्यंत पोचल्या होत्या. गाऊन परत करा, म्हणून नंतर दोनदा फोन आला.

शिंप्याच्या दुकानात बत्तीस वर्षं त्या हाताने काजं करत होत्या. मुंगीच्या पावलांसारखे बारीक, सारखे टाके. आता डावा डोळा नावापुरता उरला होता आणि उजव्यावरही साय धरली होती. परवाच मास्तर नजर चुकवत म्हणाले होते, "मावशी, पुढच्या महिन्यापासून तुम्ही नुसती बटणं लावा." दुकानात बटणं लावायला नवशिक्यांना बसवत.

आणि इकडे ही धाकटी. केस दाट, खोली उजेडाची, नवरा छत्री घेऊन न्यायला येणारा. तेवढ्यावर भागलं नाही. आता प्रभूही हिच्याच उशाशी. गुडघे तर मावशींनीही टेकले होते. भीती घालव, म्हणून आठवडाभर विनवलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा गुडघे टेकले आणि सरळ मागितलं, "मला धीर देत नसशील तर नको देऊस. पण तिला एकदा तरी घाबरव."

पंधरा दिवसांनी धाकटीच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख आली. नवऱ्याला रजा मिळेना. "ताई, तुम्ही चला ना," ती म्हणाली. मावशींनी नाही नाही म्हणत पिशवी उचलली. धुऊन ठेवलेला गाऊनही त्यात कोंबला, एकदाचं ते लचांड जाईल म्हणून.

दवाखान्याच्या बोळात दोघी लोखंडी खुर्च्यांवर बसल्या. सिस्टर दर दहा मिनिटांनी येऊन धाकटीच्या डोळ्यात थेंब टाकून जाई. धाकटी चार वेळा बाथरूमला जाऊन आली. पाचव्यांदा उठली आणि मावशींचा हात धरून उभीच राहिली.

"ताई, मला घरी न्या."

"का गं? तुझ्या उशाशी उभा असतो ना तो?"

"तेव्हा आत काय असतं ते ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे." ती हळूच खाली बसली. "आणि तेव्हाही मी सिस्टरचा हात असा आवळला होता की नखं रुतली तिला. हे का कुणी साक्षीत सांगतं?"

मावशींना बरं वाटलं. उन्हातून येऊन पाणी प्यावं तसं. मग एकदम आपलं मागणं आठवलं.

"मीच मागितलं होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तू घाबरावीस म्हणून."

"ताई, देवाकडे असलं मागता तुम्ही?"

"गुडघे टेकून."

एवढ्या भीतीतही धाकटीला हसू फुटलं. "मग आत्ताच्या आत्ता परत घ्या. मोठ्याने, मला ऐकू येईल असं."

मावशींनी डोळे मिटले. जावेसाठी काही मागायची सवय नव्हती, त्यामुळे शब्द अडखळत आले. "प्रभू, मी मागितलेलं मागे घेते. हिची भीती जात नसेल तर राहू दे. पण तू हिला सोडून जाऊ नकोस." समोरच्या म्हाताऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. स्वतःसाठी हे मावशींनी कधी मागितलंच नव्हतं. भीती गेली नाही, म्हणजे तो आलाच नाही, असं धरून त्या पळाल्या होत्या.

धाकटी आपल्या पायांनी आत गेली. मावशी नोंदणीच्या खिडकीशी गेल्या.

"गाऊनवाल्या ना तुम्ही?" कारकून म्हणाला.

"हो. धुऊन आणलाय. मला तारीख द्या."

मंगळवारी टेबलावर भीती छातीवर तशीच बसली होती, जरासुद्धा हलकी नाही. कापड तोंडावर आलं. भोकाची कड कुणी शिवली नव्हती, दोरे गालाला टोचत होते. "थांब," मावशी पुटपुटत राहिल्या, "इथंच थांब."

"कुणाला थांबवताय, आजी?" सिस्टरने विचारलं.

"आहे एकजण."

आणि त्या उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. समोर धाकटी चहा घेऊन उभी. मावशींना सगळ्यात आधी दिसली ती तिच्या कुडत्याची काजं. वर्षभरापूर्वी त्यांनीच केलेली. पाचही वाकडी, एक तर गळ्याकडे सरकलेलं, टाके विसकटलेले.

"हे घालून तू साक्ष द्यायला उभी राहायचीस?"

"मग? तुमच्या हातची काजं आहेत."

"दिसत नव्हती तुला?"

"एक डोळा बरा झाला तेव्हापासून दिसतात की."

धाकटीच्या हातून असं झालं असतं, तर मावशींनी ते अख्ख्या चर्चला दाखवलं असतं. पुन्हा जळफळाट झाला, जुन्याच जागी. इतकं गप्प राहणंही हिलाच जमावं.

"काढ तो. उसवून परत करते."

"महिनाभर सुई धरायची नाही, डॉक्टर म्हणालेत."

"मग महिनाभर घालू नकोस."

रविवारी धाकटीने तोच घातला. साक्षीची वेळ झाली तशी सवयीने उठायला गेली. काळा चष्मा लावलेल्या मावशींनी तिचा कुडता धरून तिला खाली ओढलं.

"बस," त्या म्हणाल्या. "आज मी."