खंडाने घेतलेला मुलूख

सगुणावयनी आमच्या पेठकिल्ल्यातली, माझ्या शेजारची. तिला अक्षर येत नव्हतं. मी मराठी सहावी झालेली, म्हणून तिच्या नवऱ्याची पत्रं मी वाचायची. धाकूभावजी चीन देशात, वेहायवे बंदरावर सरकारी लाँचीवर खलाशी होते. ते बंदर इंग्रजाने चिन्यांकडून पट्ट्याने घेतलेलं.

बावीस साली त्यांनी लिहिलं, 'मुलूख परत द्यायची बोलणी चालली आहेत. दिला की मी कायमचा घरी.' मग दर पत्रात तेच. चोवीस साली सही व्हायची, तर तिकडे राज्य पालटलं आणि बोलणी राहिली.

वयनी म्हणाली, "लग्नाची बोलणी दोन बैठकांत जुळतात नाहीतर मोडतात. ही कसली गो?"

"राज्याराज्यांची आहेत ती."

"माझ्या माहेरी खोताची जमीन खंडाने करतात. तीन पिढ्या झाल्या, सोडली काय? आणि इंग्रज सोडणार. ह्यांनी तिथे दुसरी चूल मांडलीन, दुसरं काय."

एकदा वाचताना मी अडखळले, तर पत्र घेऊन ती थेट शाळेतल्या गुरुजींकडे गेली. मी मधलं गाळते असं तिला वाटलं. मला राग आला, पण दोन दिवसच.

दर मार्गशीर्षात ती भैरीच्या देवळात कौल लावायची. गुरव देवाच्या पाषाणाला दोन बाजूंना फुलांचे ओले कळे चिकटवायचा. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. ती विचारायची, "हे येतील काय?" दर वेळी उजवा.

"मनात आहे ते का विचारत नाहीस?" मी म्हटलं.

"आणि त्यालाही उजवा पडला तर?"

तीस सालच्या दसऱ्यानंतर वर्तमानपत्रात आलं, मुलूख परत दिला. आरमारासाठी एक बेट तेवढं दहा वर्षं ठेवलं.

"बघ, बेट ठेवलंनीच," वयनी म्हणाली.

कार्तिकात भावजी मुंबईच्या बोटीने उतरले. केस पांढरे झालेले. वयनीने ट्रंक स्वतः उघडली. तळाशी लाकडी फणी निघाली.

"ही कोणाची?"

"तुझ्यासाठी आणली."

तिने फणी उजेडात धरून एकेक दात पाहिला.

मार्गशीर्षात आम्ही तिघं देवळात गेलो. गुरवाने कळे लावले. "काय विचारू?"

"तिच्या मनात असेल ते विचार," भावजी म्हणाले. "मी उभा आहे."

वयनीने पिशवीतला नारळ काढला. मग म्हणाली, "काही नाही. कळे काढ, नारळ ठेव."

परतताना भावजी पुढे गेल्यावर मी विचारलं, का नाही विचारलंस. म्हणाली, "देवाला किती त्रास द्यायचा? आता हे घरात आहेत. बघीन माझी मी."