सुटलेला पडदा पुन्हा बसला

डॉक्टरांनी रंगीत पेन्सिली खाली ठेवल्या आणि कागद माझ्या हातात दिला. मी चष्मा काढून कागद नाकाजवळ धरला. कागदावर एक मोठं वर्तुळ होतं. बराचसा भाग लाल आणि वरच्या बाजूला ढगासारखा पसरलेला निळा.

"हा तुमचा उजवा डोळा, आतून," ते म्हणाले. "लाल आहे तिथे पडदा जागेवर आहे. निळा आहे तिथे तो सुटलाय. ह्याला रेटिनल डिटॅचमेंट म्हणतात. डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून एक नाजूक पडदा असतो, त्याच्यावर आपल्याला दिसणारं चित्र पडतं. तुमच्या पडद्याला वर एक भोक पडलंय. त्यातून पाणी मागे शिरलं आणि पडदा भिंतीपासून सुटत चाललाय."

निळ्या रंगाच्या कडेजवळ त्यांनी एक बारीक ठिपका काढला होता. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हा मॅक्युला. बारीक नजर सगळी ह्या एवढ्याशा जागेतून येते. वाचणं, सुई ओवणं, चेहरे ओळखणं. हा अजून चिकटलेला आहे. तो सुटायच्या आत शस्त्रक्रिया झाली तर तुमची नजर वाचेल."

"आणि आधीच सुटला तर?" माझ्या यजमानांनी विचारलं.

"तर पडदा नंतर बसवता येईल. पण बारीक काम बहुधा होणार नाही."

यजमान माझ्याकडे बघत राहिले. कारण माझं सगळं काम बारीकच होतं. नगरच्या माळीवाड्यात आमचा छोटा फोटो स्टुडिओ. फोटो ते काढायचे आणि रीटचिंग मी करायची. काचेच्या उतरत्या टेबलावर निगेटिव्ह ठेवून, सुईसारख्या टोकदार पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे डाग आणि सुरकुत्या भरायच्या. रंगीत फोटो हवा असेल तर काळ्यापांढऱ्या फोटोवर कापसाच्या बोळ्यानं आणि बारीक ब्रशनं रंग चढवायचे. नवऱ्या मुलीच्या नथीतला एकेक मोती मी वेगळा रंगवत असे. मला लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा होता, पण जवळचं मला फार छान दिसायचं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. सुरुवातीला उजव्या डोळ्याच्या कडेला चमकायला लागलं. अंधाऱ्या खोलीत मान वळवली की कोणीतरी काडी ओढल्यासारखं वाटे. मला वाटलं डार्करूममध्ये फार वेळ बसते म्हणून असेल. मग एके दिवशी डोळ्यापुढे काजळी उडाल्यासारखे काळे ठिपके आले. मी भिंग पुसलं, चष्मा पुसला, निगेटिव्ह पुसली. ठिपके तिथेच. आणि त्यानंतर नाकाच्या बाजूनं, खालून, एक सावली वर चढायला लागली. ताटातली भाजी दिसेना म्हणून मी मान खाली घातली आणि यजमान म्हणाले, "अगं, तू अशी तिरकी का बघतेयस?" तेव्हा आम्ही उठून दवाखाना गाठला.

नशीब एवढं मोठं की हे डॉक्टर नुकतेच नगरला आले होते. कपाळाला दिवा बांधून, हातात भिंग धरून डोळ्याचा अगदी कोपराकोपरा बघायचं नवं उपकरण ते घेऊन आले होते. वय तिशीच्या आसपास, बोलणं भरभर.

"घरी जायचं नाही," त्यांनी सांगितलं. "इथेच आडव्या व्हा. पडदा वरून सुटलाय, तुम्ही बसलात की पाणी खाली ओघळेल आणि मॅक्युलापर्यंत जाईल."

मग ते यजमानांना म्हणाले, "खरं सांगतो. ही शस्त्रक्रिया मी पुण्याला माझ्या सरांच्या हाताखाली केली आहे, एकट्यानं कधी नाही. ह्यांना पुण्याला न्यावं तर रस्त्यानं गचके बसणार, ते मला नको आहेत. मी सरांना फोन लावतो."

त्या काळी फोन लावायचा म्हणजे ट्रंक कॉल बुक करायचा आणि वाट बघायची. माझ्या दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधल्या होत्या. ऑफिस आणि माझी खोली ह्यांच्यामध्ये लाकडी पार्टिशन होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. घंटी वाजली की मी कान टवकारायची. एकदा कोणीतरी औषधाची चौकशी करणारा निघाला, एकदा चुकीचा नंबर. शेवटी डॉक्टरांचा आवाज चढला. लाईनवर खरखर होती, ते जवळजवळ ओरडत होते.

"सर, मॅक्युला ऑन आहे. हो सर, ऑन. अजून ऑन आहे."

ऑन म्हणजे अजून चिकटलेला, एवढं मला कळलं, आणि ते शब्द मी मनात घोकत बसले. आपल्या शरीरातल्या ज्या जागेचं नावसुद्धा सकाळपर्यंत माहीत नव्हतं, ती जागा टिकावी म्हणून मी देवाला हात जोडत होते.

डॉक्टर पळतच आत आले. "सर स्वतः येताहेत," ते म्हणाले. "उद्या सकाळी. हत्यारं घेऊन, आपल्या गाडीनं." त्यांच्या आवाजातला आनंद ऐकून मला पहिल्यांदा वाटलं, की हे होणार.

सकाळी पुण्याचे मोठे डॉक्टर आले. त्यांनी उजव्या डोळ्याची पट्टी सोडली, डावा डोळा हातानं झाकला आणि माझ्यावर वाकले.

"माझ्या नाकाकडे बघा, ताई. नाक दिसतंय?"

"दिसतंय."

"हनुवटी?"

"नाही दिसत."

"हनुवटी नसली तरी चालेल," ते म्हणाले. "नाक आहे तोवर आपलं काम आहे. चला."

शस्त्रक्रिया भूल देऊन झाली, पण ती डोळ्यापुरतीच. डोळ्यामागे एक इंजेक्शन दिलं आणि डोळा जड झाला. मी जागी होते. दुखत नव्हतं, फक्त ओढल्यासारखं जाणवत होतं. डोळ्याच्या बाहेरच्या अंगाला ते सिलिकॉनची पट्टी शिवत होते. पुढे आमच्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं की ह्याला बकल म्हणतात. पडद्याला आतून ढकलता येत नाही, म्हणून भिंतच बाहेरून दाबून पडद्याजवळ आणायची. भोकाभोवती थंड सळईनं गोठवायचं म्हणजे तिथे पडदा भिंतीला धरून राहतो. आणि मागे साचलेलं पाणी एका बारीक छिद्रातून काढून टाकायचं.

ते पाणी काढायची वेळ आली. मग मोठे डॉक्टर हळूच म्हणाले, "आलं." आणि थोड्या वेळानं आमच्या डॉक्टरांना म्हणाले, "तू बघ आता."

आमचे डॉक्टर वाकले. त्यांचा श्वास माझ्या कपाळाला लागत होता. "बसला, सर," ते म्हणाले. "पूर्ण बसला."

मला हुंदका येत होता. "ताई, रडायचं नंतर," मोठे डॉक्टर म्हणाले. "आत्ता माझ्या हातात टाका आहे."

त्यानंतरचे दिवस दोन्ही डोळे बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून काढायचे होते. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, भाकरी चावायची नाही. सिस्टर दूधभात भरवायच्या. यजमान स्टुडिओ बंद करून सकाळ-संध्याकाळ येऊन बसत, आणि कोणाचे फोटो अडकलेत ते मला सांगत.

शेजारच्या कॉटवर गिरजाबाई होत्या, शेवगावकडच्या. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांचेही दोन्ही डोळे बांधलेले. आम्ही एकमेकींना फक्त आवाजानं ओळखत होतो.

"काय झालं गं लेकी तुज्या डोळ्याला?" त्यांनी विचारलं.

मी पडदा, भिंत, पाणी असं सगळं सांगितलं.

"म्हंजी गिलावा सुटला म्हन की," त्या म्हणाल्या. "वरनं भोक पडलं, पानी मुरलं, गिलावा फुगला. आमच्या घराचं दर साली हुतं. लिंपून घेतला न्हवं? मग झालं."

मला हसू फुटलं. हसायलाही मनाई होती. सिस्टर धावत आल्या.

"आजी, ह्यांना हसवू नका."

"म्या कुठं हसवलं? म्या तर घराचं सांगत हुते," गिरजाबाई म्हणाल्या, आणि मला पुन्हा हसू आलं. पोट आवळून, दात न उघडता मी ते गिळलं. तो दिवस मला अजून आठवतो, कारण भीती तिथेच सुटली.

त्यांच्या पट्ट्या माझ्याआधी निघाल्या. त्या माझ्या कॉटपाशी आल्या आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मला वाटलं हुतं तू माज्या लेकीएवडी असशीन. तू तर पोरच हाय. भिऊ नको. लई झ्याक दिसतंय मला, तुला बी दिसंल."

माझी पट्टी सुटली त्या सकाळी आधी नुसतं धुकं होतं. डोळा सुजलेला, पाणी वाहत होतं. मी खाली बघायला घाबरत होते. खालच्या बाजूनंच सावली आली होती ना.

"खाली बघा," आमचे डॉक्टर म्हणाले.

मी नजर खाली नेली. चादर होती. निळ्या काठाची चादर, तिच्यावर माझा हात, हातात हिरव्या बांगड्या. सावली नव्हती. मी पुन्हा वर बघितलं, पुन्हा खाली. खाली, वर, डावीकडे, उजवीकडे. सगळीकडे दिसत होतं. अंधुक, पण सगळीकडे.

"अहो," मी यजमानांना म्हटलं, "तुमच्या शर्टाचं खालचं बटण तुटलंय."

ते तसेच उठून व्हरांड्यात गेले. बऱ्याच वेळानं परत आले तेव्हा त्यांचेच डोळे लाल होते.

घरी आल्यावर पुष्कळ दिवस एक विचित्र चष्मा घालावा लागला. भिंगांच्या जागी काळा पुठ्ठा आणि मधोमध एक भोक. इकडेतिकडे डोळे फिरवायचे नाहीत, बघायचं तर मानेनं. गल्लीतल्या बायका हसायच्या, मीही हसायची. पाण्याची बादली उचलायची नाही, वाकून झाडायचं नाही, टांग्यात आणि एस.टी.त बसायचं नाही. हे सगळं मी पाळलं. शस्त्रक्रियेनं मिळालेली नजर राखायची असते, हे डॉक्टर दर वेळी सांगत. थेंब वेळेवर, हात धुऊन, बाटलीचं टोक डोळ्याला न लावता. आणि रोज सकाळी एक खेळ. एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्यानं खिडकीची चौकट बघायची. मग दुसरा झाकायचा. चौकटीचे चारही कोपरे दिसले पाहिजेत, गज सरळ दिसले पाहिजेत.

काही महिन्यांनी नवा चष्मा लावून मी अक्षरांच्या तक्त्यापुढे बसले. उजव्या डोळ्यानं वाचत वाचत खाली आले. शेवटच्या ओळीच्या वरची ओळ वाचली तेव्हा डॉक्टर खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "सरांना पत्र टाकतो आजच." मी घरी येऊन टेबलावर निगेटिव्ह ठेवली आणि पेन्सिलीला टोक काढलं. पहिली रेघ जराशी वाकडी गेली. दुसरी सरळ आली.

पुढच्या वर्षी, ऐन दुष्काळात, तेच चमकणं डाव्या डोळ्यात सुरू झालं. ह्या वेळी मी भिंग पुसलं नाही की चष्मा पुसला नाही. हातातला ब्रश रंगासकट तसाच ठेवला आणि रिक्षात बसले. डॉक्टरांनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "भोक आहे, पण पडदा अजून सुटलेला नाही. फार वेळेत आलात." त्यांनी त्याच दिवशी भोकाभोवती गोठवून घेतलं. कापणं नाही, शिवणं नाही. मी संध्याकाळी घरी होते आणि घरभर फिरून सांगत होते की दोन्ही डोळे शाबूत आहेत.

ज्यांना जाड चष्मा आहे किंवा ज्यांच्या डोळ्याला कधी मार लागलाय, त्यांना मी एवढंच सांगते. कडेला चमकलं, काजळी उडाली किंवा सावली आली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. दुखत नाही म्हणून थांबू नका, ते दुखतच नाही.

हे मी इतक्या जणांना सांगितलं की यजमान मला चिडवतात. एकदा नागापूरच्या कारखान्यातला एक तरुण फिटर ओळखपत्राचा फोटो काढायला आला. स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाला, "वहिनी, जरा थांबा, डोळ्यापुढं चमकतंय." मी यजमानांना कॅमेऱ्यावर कापड टाकायला लावलं आणि त्याला घेऊन थेट दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या, कानाकोपरा बघितला. शेवटी म्हणाले, "डोळा ठणठणीत आहे. ही अर्धशिशी आहे, तिच्यातही असं चमकतं."

"वहिनी, तुम्ही उगाच भ्या दाखवलं मला," तो वाटेत कुरकुरत होता. "हापिसात आज फोटो द्यायचा व्हता."

मला मात्र इतका आनंद झाला होता की त्याचं बोलणं मला लागलंच नाही.

स्टुडिओत परत येऊन यजमानांनी त्याचा फोटो काढला. औषधाचा अंमल उतरला नव्हता, त्यामुळे फोटोत तो भूत बघितल्यासारखा दिसत होता, डोळे नुसते काळेभोर. मी टेबलावर बसले. गालावरचा डाग भरला, केसांची एक बट नीट केली. मोठ्या झालेल्या बाहुल्यांना मात्र पेन्सिल लावली नाही. डोळे तपासून शाबूत निघाल्याची ती खूण मी तशीच राहू दिली.