पोलिसाची गाडी चांगुणाच्या दारात

आमच्या गावात पोलिसाची गाडी शिरली की ड्रायव्हरला रस्ता विचारावा लागत नाही. वेशीतून आत, पिठाच्या गिरणीपाशी उजवीकडे, आणि पुंजाजी पाटलाच्या ओट्यापुढं ब्रेक. ड्रायव्हर बदलले, साहेब बदलले, गाडी बदलली, ब्रेक तिथंच. गाव मेहकर तालुक्यातलं, बाजार डोणगावचा. ठाणं कोणतं ते लिहीत नाही. उगाच मला चहाला बोलावतील, आणि तो चहा मी पिऊन बसलो आहे.

आता पुंजाजी पाटील गावाचे पोलीस पाटील नाहीत. दोन वर्षांपासून पोलीस पाटील आहे चांगुणा जानराव अवसरमोल, आमच्या बौद्ध वस्तीतली, बारावी पास, ब्लाऊज शिवणारी. जागा राखीव निघाली, तिनं प्रांताकडची परीक्षा दिली आणि पास झाली. गावात कोणी म्हणालं, "बाई काय चोर धरन?" ती म्हणाली, "चोर नाई धरला तं तुले धरीन."

तिच्या आजसासऱ्यानं या गावाची राखण केली. रात्री काठी आपटत गस्त त्यानं घालायची, फौजदाराच्या घोड्यापुढं त्यानं पळायचं, चोराचा माग त्यानं काढायचा. चोर सापडला की शाबासकी पाटलाला. नाही सापडला की चामड्याचा पट्टा म्हाताऱ्याला. चौकीदार आम्हीच आणि संशयितही आम्हीच. इतकं स्वस्त खातं इंग्रजालाही दुसरं मिळालं नसेल. बासष्टच्या सुमाराला वंशपरंपरेची पाटीलकी कायद्यानं गेली. कायदा गावात आला तोही बहुतेक त्याच गाडीतून आला असेल, कारण उतरला तो पुंजाजीच्या ओट्यावरच.

तर आमच्या वस्तीत ती गाडी यायची नाही असं नाही. यायची. न्यायला यायची. जयंतीच्या मिरवणुकीत कुठून दगड आला, कोणाच्या विहिरीवरची केबल गेली, की गाडी आमच्या गल्लीत. जो दिसला तो आत. म्हणून आमच्याकडं एक रीत पडून गेली. गाडीचा आवाज आला की बाया दारात आणि माणसं नाल्यात. कोणी काही केलं आहे का, हा प्रश्न नाल्यात पोचल्यावर.

चांगुणाला राग होता तो बैठकीची गाडी थांबते कुठं याचा. दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आंबेडकर जयंतीसाठी शांतता बैठक होते. मिरवणूक आमची, पण बैठक पुंजाजीच्या ओट्यावर. ते खुर्चीत, आम्ही खाली उन्हात. ती पोलीस पाटील झाली तरी बीट जमादाराचा फोन तोच, "बाई, ओट्यावर या." ती गेली की पुंजाजी कौतुकानं म्हणायचे, "बोल ना माय, काय बोलतेस ते." आणि ती तोंड उघडायच्या आत स्वतःच बोलायचे. गावही शहाणं. गाडी जिथं थांबते तिथंच लोक तक्रार घेऊन जातात. चांगुणाकडं यायचे ते फक्त ब्लाऊजचं माप घेऊन.

औंदा नवे ठाणेदार आले, सातारा बाजूचे. पोलीस पाटलांच्या बैठकीत चांगुणा उभी राहिली.

"साहेब, तुमच्या गाडीले माहं घर मालूम नाई."

"म्हणजे काय, बाई?"

"म्हंजे पोलीस पाटील म्या हावो अन् गाडी थांबते दुसऱ्याच्या दारात. औंदाची बैठक माह्या दारात घ्या. नाईतं पाटीलकी त्याईलेच देऊन टाका, म्या ब्लाऊज शिवतो."

ठाणेदार हसले. "येतो. गुरुवारी चारला."

जमादार बाहेर तिला म्हणाला, "एवढ्यासाठी कशाला अडून बसायचं, बाई? गल्ली अरुंद आहे." चांगुणा म्हणाली, "न्यायले येता तवा बरी मावते?"

गुरुवारी तिनं अंगण सारवलं. विहारातली सतरंजी आणली, खुर्च्या आणल्या, शेजारच्या सिंधूताईला चहाला बसवलं. वस्तीला घरोघर सांगितलं, "चारला साहेब येतात, बैठकीले येतात, कोणी कुठं जाऊ नका." सगळे हो म्हणाले. नवरा जानराव तर सतरंजीच्या सुरकुत्या हातानं सारख्या करत बसला होता.

चारला गाडी गल्लीत वळली. मागं आणखी एक, जाळीची.

सतरंजीवर एक माणूस राहिला नाही. जानरावची एक चप्पल राहिली.

मी पळालो नाही. मी नाल्याकडं दुसऱ्या कामानं गेलो होतो, तेही जरा घाईत. तिथं कपाशीच्या वाळल्या पराटीच्या ढिगामागं अख्खी वस्ती बसलेली.

"अबे, बैठकच हाय ना? मंग काऊन पळालो आपून?" मी विचारलं.

"मालूम हाय बैठक हाय," जानराव धापा टाकत म्हणाला. "पायाईले कोण सांगन?"

"जाळीची गाडी काऊन आणली मंग?" कचरू म्हणाला.

सगळे आणखी खाली वाकले.

तिकडं ठाणेदार खुर्चीत, चांगुणा उभी, चहाचं पातेलं भरलेलं. पुढचं सिंधूताईनं सांगितलं. जमादार म्हणाला, "साहेब, माणसंच नाहीत. ओट्यावर घेऊ या का बैठक? तिकडं जमलेत लोक." ठाणेदार घड्याळ पाहून उठायला लागले. चांगुणाचा चेहरा उतरला. आज गाडी इथून उठून ओट्यापुढं गेली की पुन्हा या गल्लीत बैठकीला येणार नव्हती, हे तिला कळत होतं.

"बसा साहेब," ती म्हणाली. "ते तुमच्या गाडीले भेले. तुमीच बोलवा. विहारात माईक हाय."

"मी?"

"म्या बोलावलं होतं, राह्यले का कोणी?"

आणि मग नाल्यात आम्ही ऐकलं. विहाराच्या भोंग्यातून साताऱ्याचा आवाज. "नमस्कार. मी ठाणेदार बोलतोय. मी कोणालाही न्यायला आलेलो नाही. दुसरी गाडी बंदोबस्तावरून परत चाललीय. मी पोलीस पाटील चांगुणाबाईंच्या घरी बैठकीला आलोय. चहा तयार आहे. सर्वांनी यावं."

कचरू म्हणाला, "माईकवरून सांगून राह्यला, म्हंजे नक्कीच नेते."

कोणी हललं नाही. मग भोंगा खरखरला आणि चांगुणाचा आवाज आला.

"जानराव अवसरमोल! एका चपलेवर कुठं बसले तुमी? मुकाट्यानं घरी या! अन् त्या कचऱ्यालेही आणा!"

बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं, तेही गावभर ऐकू जाईल असं. दारादारातल्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. जानराव उठला. "ठाणेदारापेक्षा हे वाईट," म्हणाला आणि चालायला लागला. मागं आम्ही सगळे, पँटीला गोखरू लागलेले.

ठाणेदारांनी जानरावला विचारलं, "तुम्ही का पळालात? घर तुमचं, बायको पोलीस पाटील."

"साहेब, बायको दोन वर्सांपासून हाय पोलीस पाटील," जानराव म्हणाला. "आमी पयल्यापासून पळून राह्यलो."

ठाणेदारांनी जमादाराला जवळ बोलावलं. मग त्यांनी जाळीची गाडी गल्लीबाहेर पाठवली आणि बैठक सुरू केली. पुंजाजी पाटील पायी आले. भोंग्यावरून गावभर झालं होतं, न येऊन सांगणार काय? खुर्ची द्यायला जानराव उठत होता, चांगुणानं डोळ्यानंच बसवला. पुंजाजी सतरंजीवर बसले, गुडघा धरून, "हे बरं हाय, हवा येते" म्हणत. मिरवणूक मोठ्या रस्त्यानं जायची ठरली, आणि ठरवताना चांगुणा बोलली, मधे कोणी बोललं नाही. पुंजाजीनं एकदा तोंड उघडलं होतं, ते चहासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या आळीतले दोघं भाऊ धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडत तिच्या दारात आले. धाकटा म्हणत होता, "इकडं काऊन आणलं बे? पाटलाकडं चाल ना!"

"पाटलाकडंच आणलं," थोरला म्हणाला. "काल भोंगा ऐकला नाई का?"

चांगुणाच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं हातानंच खाली बसा म्हणून सांगितलं. दोघं बसले आणि एकदमच बोलायला लागले.