कोरड्या थराच्या भेगा

बोईसरच्या कारखान्यात माझं काम पट्ट्या ताणण्याचं. सिलिकॉनची रबरी पट्टी आधी धन भार असलेल्या पॉलिमरच्या पाण्यात बुडवायची, धुवायची, मग ऋण भारवाल्यात. एकावर एक थर चढतात, डोळ्याला दिसतही नाहीत. त्यांत जंतू मारणारं औषध मुरवायचं आणि पुढे लघवीच्या नळीला तेच अस्तर द्यायचं, असा बेत होता. पण पट्टी जरा ताणली की थर तडकायचा. निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की भेगाच भेगा.

काम म्हणून सोडून दिलं असतं, पण आमच्या पाम गावात घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिला अशीच नळी लावलेली. सारखा जंतुसंसर्ग व्हायचा, तापाने फणफणायची. प्रत्येक भेगेत मला तिचाच ताप दिसायचा. जेवताजेवता उठायचे, उगाच अंगणात येरझारा घालायचे. रात्र कूस बदलण्यातच जायची.

आम्ही किनाऱ्यावरची माणसं. दमट हवेची उपजतच धास्ती. बोंबील असोत की मसाला, खडखडीत वाळल्याशिवाय जीव थाऱ्यावर येत नाही. प्रयोगशाळेतही तेच. पट्टी वाळवायची, डब्यात कोंडायची आणि एसीच्या कोरड्या हवेतच ताणायची. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एका दुपारी एसी बंद पडला. साहेब म्हणाले, "आज राहू दे, दमट हवेत आकडे चुकतील." मला कुठला धीर! घामाघूम होऊन पट्टी ताणली, तर भेगा बऱ्याच कमी. मग एक पट्टी पाण्यात भिजवून पाण्यातच ताणली. चांगली लांब झाली, तरी थर अखंड. पाणी मुरलं की पॉलिमरच्या धन-ऋण साखळ्यांची पकड सैल होते, त्या एकमेकींवरून सरकतात. कोरड्या असल्या की घट्ट धरून बसतात आणि तुटतात. शरीरात नळी ओलीच असते की! आणि आम्ही वाळवत बसलो होतो. मला हसू आलं, संतापही आला.

संध्याकाळी घरी पोचले ती थेट आईच्या उशाशी. सगळं सांगितलं. तिने विचारलं,

"मंग माजी नळी कवा बदलशील?"

अजून प्राण्यांवरच्या चाचण्या, मग माणसांवरच्या, मग परवानग्या. कितीतरी वर्षं. मी उठून खिडकीशी गेले.

"मला नाय मिलनार ना ती?"

"नाय, आये."

"मंग बस जरा माज्याजवल," ती म्हणाली.