बोडीतलं चालणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हालाच का सांगते आहे — ठाऊक नाही. बसा जरा.

दोन हजार एकची गोष्ट. आमचं गाव सडक अर्जुनीजवळ. जन्मभर भाताच्या रोवण्यात, म्हणजे लावणीत, वाकून आईचे गुडघे गेले होते. संधिवात. गोंदियाच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं — खाटेवर बसून पाय सरळ करा, पाच मोजा, खाली ठेवा. आणि गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, कमरेइतक्या पाण्यात, लेकीचा हात धरून रोज चाला. दुखलं तर कमी करा, पण सोडू नका.

ती लेक मी. एकोणीस वर्षांची.

त्या सकाळी अजून आठवतात. बोडीच्या पाळीवर, काठाच्या बांधावर, कण्हणारी आई पाण्यात शिरली की चक्क भरभर चालायची. "पाण्यात आंग कसं हलकं होऊन राहिलं वो," म्हणायची आणि रोवण्याचं गाणं गुणगुणायची. दिवाळीपर्यंत ती काठीशिवाय उठू लागली. पोटऱ्या पुन्हा घट्ट झाल्या म्हणून मला दाबून बघायला लावायची. मला ते फार आवडायचं. आवडायचं — आणि तरीही.

दिवाळीनंतर मला स्थळ आलं. मुलाची मावशी आमच्याच गावात दिलेली, बोडीवर धुणं धुवायला यायची. एकदा आम्हाला पाण्यात बघून बायकांना म्हणाली, "मायचं दुखणं पोरीच्या आंगात येते." झालं. स्थळ मोडलं तर? आईचा हात धरून उभं राहायची मला लाज वाटू लागली. लाज — आईची.

मग मी काय केलं? दवाखान्यातल्या बाईंना फोन करते म्हणून स्टँडवरच्या एसटीडी बूथपर्यंत जाऊन आले. फोन कुणालाच केला नाही. घरी येऊन आईला म्हटलं, "दवाखान्यातली बाई म्हनते, आता पाण्यात जाऊ नोको, व्यायामबी नोको. हाडं झिजतात. आराम कर."

"काऊन?" एवढंही तिने विचारलं नाही. शिकलेल्या लेकीचा शब्द होता तो.

उन्हाळ्यात माझं लग्न झालं. तोवर तिचे गुडघे आखडले होते, ते पुन्हा सरळ झालेच नाहीत. पुढची अकरा वर्षं, मरेपर्यंत, ती अंगणापर्यंत बसूनच सरकत जायची. गुडघे धरून कुणी बाई आली की तिला बजावायची, "व्यायाम नोको करू. माह्या पोरीनं दवाखान्यातल्या बाईले इचारून मले वेळेवर थांबवलं."

मी माहेरी असले तर शेजारीच बसलेली असायचे. मान डोलवायचे.