हिरव्या रंगाखालचा कोळसा

सूनबाईच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला, म्हणून बाजारातून वापरलेला एक मीच हट्टाने निवडून आणला. पंख्यांच्या जळक्या मोटारींत नवी तार भरण्यात माझा जन्म गेला, मला कोण फसवणार! पण जोडला तर साधा दिवाही लागेना. पॉवर सप्लाय बदलला, रॅम पुसून पुन्हा बसवली, सेल नवा घातला. मढं ते मढंच.

मग उन्हात धरून पाहिला. एका कोपऱ्यातला हिरवा रंग जरा जास्तच चकाकत होता. नखाने खरवडला, तर खाली कोळसा. जळक्या जागेवर कुणीतरी बारीक कुंचल्याने रंग फासला होता. शिसारी आली. वस्तू जळते, त्यात तिचा काय दोष? पण मढ्याला पावडर लावून बोहल्यावर उभं करायचं, ही कुठली रीत? आणि हात किती सफाईचा! एवढं कसब होतं, तर मेल्याने दुरुस्तच करायचा होता.

दुकानदाराला फोन लावला. म्हणाला, "काका, माझ्याकडे चालत होता. तुम्हीच जाळला असणार."

सूनबाईचं टायपिंगचं काम अडलं होतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, तेवढा रंग परत लावून आपणही विकून टाकू या का? दुसरा घेता येईल."

मी उठलो, पंखे रंगवायला ठेवलेल्या माझ्या रंगाच्या डब्यांपर्यंत गेलोसुद्धा. तिथे मला माझीच शिसारी आली. परत येऊन ब्लेड घेतलं आणि सगळं जळकं उघडं पडेपर्यंत उरलेला रंग खरवडून काढला.